सातव्या चंद्रावरचे व्याही

पंचवटी, नाशिक
१८ मे २०२६

प्रिय वाल्मीकराव,

नमस्कार. संतोषच्या टेम्पोतून तुमची कोथिंबीर पोचली. निम्मी उज्वलाने शेजारी वाटली. त्याच टेम्पोतून हे पत्र मखमलाबादला परत येत आहे. फोन करता आला असता, पण आपल्या फोनचं तुम्ही जाणताच. इकडे उज्वला स्पीकर लावते, तिकडे विहीणबाई लावतात, आणि दोन व्याही एकमेकांना ‘जेवलात का’ एवढंच विचारून चार मिनिटं काढतात. साठीच्या दोन माणसांनी चंद्रावरच्या हवेच्या टाक्यांची चर्चा स्पीकरवर करावी, एवढं धैर्य माझ्यात नाही.

बातमी अशी, की आपल्या ‘सातवा चंद्र’ या व्हिडिओ गेमचा दुसरा भाग आला. आमच्या सनीने पुण्यात बसून तो आपल्या दोघांच्या मशीनवर चढवूनही दिला. दीड वर्षापूर्वी दिवाळीला त्याने आणि तेजलने दोन घरांत ही दोन मशिनं दिली, तेव्हा तेजल म्हणाली होती, “तुम्हा दोघांना बोलायला काहीतरी विषय होईल.” मी मनात म्हटलं, पस्तीस वर्षं वर्तमानपत्रात काढलेल्या माणसाला विषय कमी पडतात होय? पण लग्नात मांडवाखाली आपण दोघं शेजारी बसून पाऊण तास पंख्याकडे बघत होतो, हेही खरं.

दुसरी बातमी. माझ्या जुन्या कचेरीतून फोन आला. ज्येष्ठांच्या पानासाठी लेख हवा आहे, ‘पहिला भाग की दुसरा?’ आठशे शब्द, गुरुवार अठ्ठावीस तारखेला दुपारपर्यंत. या विषयावर लिहू शकेल असा म्हातारा जिल्ह्यात मीच, असं तिथल्या उपसंपादक मुलीचं मत. मी लगेच हो म्हटलं. निवृत्तीनंतर मुदत घालून देणारं माणूस भेटलं की मला गहिवरून येतं.

पहिल्या भागाचं टिपण तयार आहे. मी यानाचा कप्तान, तुम्ही मिस्त्री. मी माझी पाळी खेळून पाठवायची, तुम्ही शेतातून आल्यावर तुमची. मध्ये दोन दिवस गेले तरी चंद्र जागेवर. खाणीच्या दारात आपण काय केलं, आठवतं? मी पाळीबरोबर लिहिलं, ‘आधी तुम्ही.’ तुम्ही लिहिलं, ‘छे छे, कप्तान आधी.’ असे आठ दिवस. आतला राक्षस शेवटी कंटाळून दुसऱ्या दाराने निघून गेला. या रीतीने ती खाण जगात कुणी जिंकली नसेल. लेखात मी याला ‘संयमाची व्यूहरचना’ म्हणणार आहे.

दुसऱ्या भागात, म्हणे, पाळी नाही. दोघांनी एकाच वेळी खेळायचं, हेडफोन लावून बोलत. बुधवारी संध्याकाळी पाचला बसू या? कप्तान मीच राहू ना? म्हणजे, तुमची हरकत नसेल तर.

आपला,
दत्तात्रय


मखमलाबाद
२१ मे २०२६

आदरणीय दत्तूअण्णा,

सादर नमस्कार. हरकत कसली? कप्तान तुम्हीच.

काल दोन तास बसलो. लेखासाठी लिहून पाठवा म्हणलात, म्हणून लिहितो. दुसरा भाग दिसायला लय भारी हाय. पहिल्यात चंद्र म्हणजे सारवलेल्या अंगणासारखा सपाट, ह्यात खडा न् खडा दिसतो. इंजिन तर मी नुसतं बघत बसलो, एकेक बोल्ट वेगळा. पण पहिल्यात माणसं बोलायची. खाणीतल्या त्या म्हातारीनं आपल्याला चार दिवस तिची गोष्ट सांगितली होती. ह्यात पण म्हातारी हाय, ती “चला, लवकर” म्हणती आणि निघून जाती.

अडचण एकच. तुमचा आवाज थेट कानात येतो. तुम्ही ‘वाल्मीकराव’ म्हणलं की मी खुर्चीवरून उठतो. काल पाच वेळा उठलो. साधना म्हणली, “बसून खेळायचा गेम हाय ना हा?” आता व्याह्यांचा आवाज कानात असताना पाय पसरून कसं बसणार? पहिल्या भागात हा त्रास नव्हता. तुमची पाळी बघायला मी बनियनवर बसायचो, माफी असावी.

आता महत्त्वाचं. धोंड्याचा महिना लागला. लग्नानंतरचा हा पहिलाच. तर रविवारी एकतीस तारखेला सनीरावांना आणि तुम्हा सगळ्यांना जेवायला यायचं हाय. साधनानं अनारशाचं पीठ करून ठेवलं, तेहतीस मोजून होतील. तेजल आणि सनीराव शनिवारीच पुण्याहून इकडं येतायत. सनीरावांना तयार पोशाख घ्यायचा की कापड, आणि विहीणबाईंना रंग कोणता चालतो, ते मोकळेपणानं कळवा. आमच्याकडून काय कमी नको पडायला.

गेम सुरू होताना जुन्या मोहिमेचा अहवाल आला होता, तो तुम्ही वाचला का? नसेल वाचला तर राहू द्या. लय काय नाय त्यात.

आपला नम्र,
वाल्मीक


पंचवटी
२३ मे २०२६

श्री. वाल्मीकराव यांस,

काल संध्याकाळच्या प्रकाराबद्दल माझ्या मनात काहीही नाही, हे सर्वप्रथम स्पष्ट करतो. विषय निघालाच आहे तर पुन्हा स्पष्ट करतो: काहीही नाही.

केवळ लेखासाठी नोंद असावी म्हणून घटना लिहून ठेवतो. बाहेर वादळ. आपण दोघं यानाच्या दारात. दार बंद व्हायला अर्धं मिनिट. मी दारात उभा राहिलो आणि आपल्या घरी कुणालाही म्हणतो तसं म्हटलं, “या ना वाल्मीकराव, आधी तुम्ही.” तुम्ही म्हणालात, “अण्णा, तुम्ही आत व्हा.” मी म्हटलं, “छे, असं कसं?” त्यावर माझ्या कानात जे आलं ते शब्दशः असं: “अय गधड्या, आत हो आणि दार लाव ना! दार! डोकं हाय का खोकं?”

यान उडालं नाही. दोघंही मेलो. मेल्यानंतर तुम्ही बराच वेळ “अण्णा, अण्णा” म्हणत होता, पण मेलेल्या माणसाने उत्तर देणं मला नियमाला धरून वाटलं नाही. मी मशीन बंद केलं.

लेखाचं मत आता पक्कं झालं आहे. दुसरा भाग पहिल्याच्या पासंगालाही पुरत नाही. पहिल्यात विचार होता, मर्यादा होती. दीडशेच्या वर पाळ्या मी यान सुखरूप चालवलं, हवा एकदाही कमी पडू दिली नाही. दुसऱ्यात नुसती घाई, नेतृत्वाला वावच नाही. तो जुन्या मोहिमेचा अहवाल मी अजून उघडलेला नाही. कप्तानाचं कौतुक असणार. ते निवांत वाचायला ठेवलं आहे.

उज्वलाचा गुडघा अचानक धरला आहे. एकतीस तारखेला आम्हा दोघांना येणं जमेल असं दिसत नाही. सनीचं तो ठरवेल. रंगाचा प्रश्न त्यामुळे उरत नाही.

कळावे,
दत्तात्रय


मखमलाबाद
२४ मे २०२६

आदरणीय दत्तूअण्णा,

पत्र वाचलं. चूक माझी. वादळ दिसलं, उघडं दार दिसलं आणि तोंड सुटलं. शेतात पाण्याचा पाईप फुटला की मी असाच ओरडतो, समोर कोण हाय ते बघत नाय. पण तुम्ही म्हणजे शेतातला पाईप नाय. तुम्ही सनीरावांचे वडील. मी मुलीचा बाप, माझं तोंड माझ्या ताब्यात पाहिजे होतं.

मशीन कापडात गुंडाळून कपाटावर ठेवलं. परत हात लावणार नाय. लेखात पहिल्या भागाचंच जास्त लिहा. त्यात मी तुम्हाला कधी उलट बोललो नाय.

एकच विनंती हाय. राग माझ्यावर ठेवा, धोंड्यावर ठेवू नका. पहिलाच धोंडा आणि सासरची मंडळी आली नाय, तर भाऊबंद विचारणार. त्यांना काय सांगू? चंद्रावर दार लावायला सांगितलं म्हणून? आणि तेजलला ह्यातलं काय कळू देऊ नका. तिला तुमच्या घरात नांदायचंय.

संतोषबरोबर बांधावरच्या केशरच्या दोन पेट्या पाठवतोय. विहीणबाईंच्या गुडघ्यासाठी निरगुडीचा पाला हाय, वाफवून बांधायला सांगा.

चुकलेला,
वाल्मीक


पंचवटी
२८ मे २०२६, दुपार

प्रिय वाल्मीकराव,

तुमच्या पत्राला चार दिवस उत्तर दिलं नाही. ते वाचलं आणि समाधानाने ड्रॉवरमध्ये ठेवलं. ‘समाधानाने’ हा शब्द खोडणार होतो, पण आयुष्यभर इतरांच्या मजकुरातली फुशारकी खोडली, आता स्वतःची राहू दे. आंबेही खाल्ले. गोड होते. हे लिहायला सगळ्यात जड जात आहे.

निरगुडीचा पाला पेटीवरच होता. उज्वलाने विचारलं, “हा कुणासाठी?” मी म्हटलं, असेल कशाला तरी. मंगळवारी तेजलचा फोन आला. नेहमीप्रमाणे स्पीकर. तेजल म्हणाली, “आई, गुडघा कसा आहे? आमची आई म्हणत होती तुम्हाला चालवत नाही.” उज्वला स्वयंपाकघरातून डबा घेऊन भराभर चालत येत होती, ती थांबली आणि माझ्याकडे बघायला लागली. मग तेजल तुमचा विषय काढून मला म्हणाली, “बाबा, आमच्या दादांकडून काही कमी-जास्त झालं असेल तर मनात ठेवू नका. त्यांच्या वतीने मी माफी मागते.”

वाल्मीकराव, काय झालं हे तिला माहीतही नव्हतं. तुम्ही सांगितलं नाही, मी सांगितलं नाही. पुण्याच्या कचेरीत आठ माणसं हाताखाली वागवणारी मुलगी, आणि कशाबद्दल ते न विचारता माफी मागून मोकळी झाली. मी म्हटलं, “अगं, छे छे, तसं काही नाही.” एवढाच मजकूर. पस्तीस वर्षं वर्तमानपत्रात!

फोन ठेवल्यावर उज्वला म्हणाली, “माझा गुडघा ठणठणीत आहे. तुमचं नाक दुखतंय. त्याला बांधा तो पाला.”

तरीही मी लगेच सुधारलो असं समजू नका. बुधवारी लेख लिहायला बसलो. तुमचं नाव न घालता ‘काही खेळाडूंच्या भाषेचा दर्जा’ असा परिच्छेदही झाला. सहाशे शब्दांवर अडलो. भर घालायला काहीतरी हवं होतं, म्हणून कौतुकाचा तो अहवाल उघडला.

तुम्ही तो पहिल्याच दिवशी वाचला होता, आणि मला म्हणालात लय काय नाय. एकशे बासष्ट पाळ्या. मिस्त्रीने आपल्या टाकीतली हवा कप्तानाला दिली: एक्केचाळीस वेळा. कप्तानाने मिस्त्रीला दिली: एकदा. ती एकदा मला नीट आठवते. बटण चुकलं होतं. मिस्त्री बेशुद्ध पडला: नऊ वेळा. कप्तान: शून्य. खाली शेरा होता, ‘ही मोहीम मिस्त्रीमुळे तगली.’ शेरा मारणाऱ्या यंत्राला माझं वय आणि नातं माहीत नसावं.

मी खुर्चीतून उठून गॅलरीत गेलो. खाली सिंहस्थाच्या कामासाठी रस्ता उखडलाय, तो बघत राहिलो. दीड वर्षं मी दारात उभा राहून ‘आधी तुम्ही’ म्हणत होतो आणि स्वतःला सभ्य समजत होतो. ते म्हणायला माझं काही जात नव्हतं, कारण हवा तुमची जात होती. शुक्रवारी पहिल्यांदा वेळ खरी होती, आणि तुम्ही एका गाढवाला गाढव म्हणालात. वृत्त अचूक होतं. मी मात्र उत्तरादाखल तुमच्या लेकीचा धोंडा अडवून धरला. मुलाचा बाप म्हणून माझ्या हातात एवढं एकच हत्यार आहे, हे मला माहीत नव्हतं. आणि ते इतक्या सहज चालवता येतं, हेही नव्हतं.

जुना लेख टाकून दिला. सकाळी दोन तासांत नवा लिहिला. त्याचा शेवट असा: ‘पहिला भाग जास्त सुखाचा, कारण त्यात दुसऱ्याच्या हवेवर जगता येतं आणि ते आपल्याला कळत नाही. दुसरा भाग कमी सुखाचा, कारण कळतं. वाचकांनी आपल्या सोयीने निवडावा.’ ती उपसंपादक मुलगी फोनवर म्हणाली, “सर, छान आहे, पण ग्राफिक्सबद्दल काहीच नाही?” तेव्हा तुमचं ते सारवलेलं अंगण आणि एकेक बोल्ट वेगळा, हे दोन्ही तिला सांगितलं. तुमच्या नावाने. ते तिला सगळ्यात आवडलं.

गुडघा मी परत घेतो. तुम्ही अजून बोलावत असाल तर रविवारी आम्ही दोघं येतो. पोशाख, साडी, यातलं काही आणू नका असं म्हणणार होतो, पण तोही माझाच हुकूम होईल. तुम्हाला वाटेल तसं करा. फक्त मशीन कपाटावरून काढा. शनिवारी पाचला बसू. या वेळी कप्तान तुम्ही व्हा. मी मिस्त्री होतो. पाना कुठला आणि पकड कुठली एवढं शिकवा.

तुमचा,
दत्तू


मखमलाबाद
२९ मे २०२६

दत्तूअण्णा,

पत्र तीनदा वाचलं. एकदा मी, एकदा साधनानं, आणि तिसऱ्यांदा तिनं मला मोठ्यानं वाचून दाखवलं. गाढवाची ओळ दोनदा. ती म्हणली, “व्याही शिकलेले हायेत, बरोबर लिहितात.”

कप्तान मला व्हायचं नाय. तुम्हाला वाटतंय मी दीड वर्षं मन मारून मिस्त्री झालो. तसं नाय. खोलायचं आणि जोडायचं काम मला आवडतं, शेतावरची मोटर पण मीच खोलतो. कप्तानाला नकाशा बघावा लागतो, दहा जणांशी बोलावं लागतं. ते तुम्हाला जमतं. त्या म्हातारीशी तुम्ही चार दिवस नीट बोललात म्हणून खाणीचा रस्ता मिळाला. मी असतो तर पहिल्याच दिवशी “आजी, रस्ता कुठंय ते सांग” म्हणलो असतो आणि तिनं हाकललं असतं. अहवालात हे नाय, पण खरं हाय. लेखात घातलं असतं तर चाललं असतं.

हवेचं मात्र तुम्ही बरोबर धरलं. ती मी मिस्त्री म्हणून दिली नाय. दर वेळी वाटायचं, ह्यांची हवा संपली आणि माझ्या टाकीत उरलेली दिसली, तर काय म्हणतील? गेममध्ये. चंद्रावर. आता माझं मलाच हसू येतं. एकदा तर तुम्हाला हवा देऊन मी बेशुद्ध पडलो, आणि पुढच्या पाळीला तुम्ही लिहिलं, ‘वाल्मीकराव, जरा लक्ष द्या.’ तेव्हा हसू आलं नव्हतं.

तर दुसऱ्या भागात माझं म्हणणं असं. ज्याची हवा त्यानं सांभाळायची. मागितली तर देईन, पण मागावी लागेल. दारात थांबायचं नाय. थांबलात तर मी ओरडणार, आणि तेव्हा तोंडात येईल ते येईल. हेडफोन लावताना ते धरून चला. उद्या पाचला बसू. तेजल-सनीराव आलेले असतील, त्यांना पण बघू द्या.

तेजलला काल रात्री फोन केला. म्हणलं, तू कशाला माफी मागितली, तुझा काय संबंध? ती म्हणली, “सवय हो दादा.” ही सवय तिला कुणी लावली ते मला माहीत हाय. ती रोज माझ्याकडं बघतच मोठी झाली.

रविवारी या. सनीरावांचं वाण होईल, अनारसे होतील, ते सगळं रीतीनं होऊ द्या, साधनाची हौस हाय. विहीणबाईंची साडी तिनं आणली पण, जांभळी, रंग चालला नाय तरी नेसावीच लागेल. फक्त एक बदल केलाय. आमच्याकडं तुम्ही मंडळी जेवून उठलात की मगच मुलीचा बाप बसतो. माझ्या धोंड्याला माझे सासरे असेच भिंतीला टेकून उभे होते, आणि मी त्यांच्यासमोर सहावा अनारसा खात होतो. ह्या वेळी माझं ताट तुमच्या शेजारी मांडायला सांगितलंय. साधना म्हणली, “लोक काय म्हणतील?” मग तिनंच आतून पाट आणून ठेवला.

पंगत ओट्यावर हाय आणि ओटा काय लय मोठा नाय. जागा कमी पडली तर तुम्ही सरका.

वाल्मीक